आईनं सांगितलेला आकडा

सरांनी फळ्यावर दोन चौकोन काढले. एकात लिहिलं, 'संशोधक'. त्याखाली सगळ्या विद्यार्थ्यांची नावं. दुसऱ्यात लिहिलं, 'माहिती देणारे'. त्याखाली माझं आडनाव. एकटं.

मीही त्यांच्यासारखीच पीएचडीला प्रवेश घेतलेली. तीच परीक्षा, तीच मुलाखत. नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. बोईसरच्या एका कारखान्यात कॉम्प्युटरवर नोंदी करता करता मी एम.एस्सी. झाले होते, आता माहिती प्रणालीत संशोधन करायचं होतं. नव्या विद्यार्थ्यांना संशोधनाची ओळख करून द्यायला सरांनी गाव निवडलं ते माझं. घिवली. सुट्टीच्या दिवशी शाळा उघडून घेतली. ज्या वर्गात मी अ-आ गिरवले, तोच वर्ग. तोच फळा.

मी विचारलं, "सर, माझं नाव तिकडे का?"

"अगं, तू तर इथल्या लोकांतलीच. तू त्यांना बोलतं करायचंस, हे विद्यार्थी लिहून घेतील. प्रत्येकाचा काही ना काही उपयोग असतो."

सगळे हसले. मनात काही वाईट नव्हतं त्यांच्या. म्हणूनच जास्त लागलं.

सरांचा प्रकल्प मासळीच्या नोंदींचा होता. कुठल्या किनाऱ्यावर किती मासळी उतरते, ते कॉम्प्युटरवर आणायचं. त्या दिवशी विद्यार्थ्यांनी प्रश्न विचारायला शिकायचं होतं. आणि शिकायला त्यांना मिळाली माझी आई.

आम्ही वर्गातून किनाऱ्यावर गेलो तेव्हा आई वलांडीच्या, म्हणजे मासळी सुकवायच्या मांडवाच्या, बांबूंवर बोंबील वाळत घालत होती, जबड्यात जबडा अडकवून. बाबा थोड्या अंतरावर होडी धूत होते. एका मुलीनं नाकाला रुमाल लावला. त्याचं मला काही वाटलं नाही. वास येतोच.

"मावशी, आज किती मासळी मिळाली?" सरांनी विचारलं.

"हाय थोडं," आई म्हणाली.

"थोडं म्हणजे किती?"

"थोडंच हाय."

आमच्या घरात होडीला किती मिळालं हे कुणी विचारत नाही. विकताना टोपल्या मोजतो, भाव करतो, भांडतोही. पण होडीचा आकडा तोंडातून काढायचा नाही. दर्यानं दिलेलं बोलून दाखवलं की तो हात आखडतो, असं बाबा मानायचे, त्यांचे बाबाही मानायचे. होडी भरून आली तरी थोडं आणि रिकामी आली तरी थोडं. हे खरं की खोटं, मला ठाऊक नाही. पण ते आमचं होतं.

सर विद्यार्थ्यांकडे वळले. आईच्या समोरच म्हणाले, "लिहा. मोजमापाची जाणीव नाही." पेनं चालू झाली. माझ्या आईबद्दल. तिच्या पुढ्यात.

मी म्हणाले, "सर, तसं नाही. ती सांगत नाही."

"मग तू विचार. आई आहे ना तुझी? पहिल्याच दिवशी एवढं जमत नसेल, तर तुझ्या प्रवेशाचं काय करायचं, बघावं लागेल."

प्रवेश हा शब्द आईला बरोबर कळला. त्या शब्दासाठी तिनं वर्षानुवर्षं मासळीची पाटी डोक्यावर घेऊन बोईसरचा बाजार गाठला होता. तिनं हातातले बोंबील खाली ठेवले. माझ्याकडे बघितलं.

"बाय, नाय सांगलं तर तुजं शिकनं बंद करतील काय?"

मी 'नको' म्हणायच्या आत तिनं आकडा सांगून टाकला. मोठ्यानं. सगळ्यांना ऐकू जाईल असा. बाबांचा होडीवरचा हात थांबला.

सर खूश झाले. "बघा, योग्य माणूस मध्ये घातला की माहिती कशी बाहेर येते."

आई खाली बघत होती. भर उन्हात, माणसांसमोर कुणी पदर ओढावा तशी.

"सर, तो आकडा खोडा."

"का?"

"आईनं तो माझ्यासाठी सांगितला. तुमच्यासाठी नाही."

"मग तुला संशोधन जमायचं नाही. भावना घरी ठेवून यायचं असतं."

"मी घरीच आहे, सर."

आकडा कुणी खोडला नाही. सगळ्यांना घेऊन आलेली जीप निघून गेली. मी तिच्यात बसले नाही. महिन्याभरात सरांनी माझं मार्गदर्शन सोडल्याचं कळलं.

बाबा आईला एका शब्दानं बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. होडी निघताना तिच्या तोंडाला कुंकू लावायचं काम आईचं होतं. दुसऱ्या दिवशी बाबांनी कुंकवाचा करंडा वहिनीच्या हातात दिला. आई दारात उभी राहून बघत होती. मग आत गेली, भांडी घासू लागली. तो करंडा परत तिच्या हातात आला नाही. ती गेली तेव्हाही तो वहिनीकडेच होता. माझ्या शिक्षणाची किंमत तिनं अशी मोजली आणि मला मात्र म्हणायची, "मना काय नाय वाटत गो." खोटं बोलायची.

पुढे दुसरे मार्गदर्शक मिळाले. बरीच वर्षं गेली. विषय माझा मी ठरवला. माणसं माहिती का देत नाहीत. न देण्याचा त्यांचा हक्क कुणाच्या प्रणालीत बसतो. प्रबंध झाला. तो हातात घ्यायला आई नव्हती.

आता नव्या संशोधकांचा पहिला तास मी घेते. फळ्यावर दोन चौकोन काढते, माझं आडनाव दोन्हींत लिहिते आणि हे सगळं सांगते. दरवर्षी एखादा हुशार हात वर करतोच. "मॅडम, आकडा किती होता?"

मी त्याला 'संशोधक' लिहिलेला चौकोन दाखवते, ज्यात त्याचं नाव अजून मी लिहिलेलं नाही.

तो आकडा प्रबंधात नाही. इथंही नाही. आईच्या तोंडून एकदा काढून घेतला, माझ्या तोंडून कुणाला काढता येणार नाही.