नाव न घेण्याचा एक मार्क

साताऱ्याच्या एका दवाखान्यात, मानसोपचार विभागात, मी चाचण्या घेते. डॉक्टर औषधं लिहितात, मी प्रश्न विचारते. आज वार कोणता, आपण कुठल्या गावात बसलोय, इतरांना ऐकू येत नाही असं काही तुम्हाला ऐकू येतं का. प्रश्न इतके साधे की नव्या माणसाला वाटतं, बाई चेष्टा करतेय. उत्तराइतकंच माझं लक्ष नजरेकडे, कपड्यांकडे, हाताच्या चाळ्यांकडे असतं. एवढी हुशारी असून चौथ्या प्रश्नावर माझी फजिती झाली.

उंब्रजच्या पलीकडच्या एका खेड्यातल्या त्या आजी. सत्तरी ओलांडलेल्या, लुगडं स्वच्छ, कुंकू ठसठशीत. सोबत नवरा, फौजेतून हवालदार होऊन निवृत्त झालेला, पाठ अजून ताठ. घरात कुणीतरी शिरून भांडी नेतं असं आजी म्हणायच्या, जेवत नव्हत्या, गॅस चालू ठेवून विसरायच्या. डॉक्टरांना माझ्याकडून एकच गोष्ट हवी होती: हे उदासीचं दुखणं आहे, की स्मृतीच चालली आहे? उदासी असली तर औषधानं माणूस परत येतो. दुसरं असलं तर येत नाही. हे मी हवालदारांना तसंच्या तसं सांगितलं. गोड करून सांगणं मला कधी जमलं नाही.

"म्हंजे परीक्षाच की," ते म्हणाले. "मी संगं बसतो."

आजींनी वार बरोबर सांगितला. तारीख आली नाही, पण "परवा संकष्टी झाली" म्हणाल्या, ते मी धरलं. चौथा प्रश्न होता, पतीचं नाव काय? आजी गप्प. मी पुन्हा विचारलं, जरा मोठ्यानं. त्यांनी मान खाली घातली. मी शून्य लिहिलं.

"आवं म्याडम, शून्य कशापायी?" हवालदारांची नजर माझ्या कागदावर होती. "ती माझं नाव घेत न्हाई. लगीन झाल्यापास्नं न्हाई. मी सरहद्दीवर हुतो तवा नवा पोस्टमन पत्र घिऊन आला, कुणाच्या घरच्या तुमी म्हणून इचाराय लागला. तर हिनं शेजारच्या पोरीला हाक मारून तिच्याकडनं नाव वदवून घेतलं."

आजी पदर तोंडावर धरून हसल्या. दवाखान्यात आल्यापासून पहिल्यांदाच.

मला लाज वाटली, आणि लाज वाटली की मला राग येतो. मी सांगलीत वाढलेली, नवऱ्याला नावानं हाक मारणारी. पण माझ्या आईनंही जन्मभर "अहो"वरच भागवलं, हे मला माहीत नव्हतं थोडंच! प्रश्नावली कुणीतरी शहरात बसून केली आणि मी ती डोळे झाकून वाचत होते.

"मग आता मी काय करू?" मी तुसडेपणानं विचारलं.

"न्हाई घेतलं म्हणून एक मार्क द्या."

दिला. नियमात बसत नव्हतं. शून्य खोडून एक केला आणि बाजूला लिहिलं, नाव घेत नाहीत, लाजतात.

औषधं सुरू झाली. आजी जेवायला लागल्या, भांडी नेणारा चोर यायचा थांबला, आणि हवालदार खुशीत होते. मीही थोडी आशा धरली, जी माझ्या धंद्यात धरू नये. पण दर तीन महिन्यांनी कागद तेच सांगत होता. आधी लक्षात ठेवायला दिलेले तीन शब्द गेले, मग महिना, मग नातवंडं किती ते. बाहेर पडताना हवालदार विचारायचे, "किती पडलं?" मी आकडा सांगायची. ते खिशातल्या छोट्या वहीत लिहून ठेवायचे.

चौथा प्रश्न मात्र टिकून होता. आजी त्यांच्याकडे बघायच्या, पदर ओढायच्या, मी एक लिहायची. "वळख हाय अजून," हवालदार म्हणायचे. खरं सांगते, तो प्रश्न जवळ आला की मी कागद सोडून आधी आजींच्या पदराकडे बघायची.

यंदा ऊस तुटून गेल्यावर ते आले. आजींच्या कपाळावरचं कुंकू तिरपं होतं. ते हवालदारांनी लावलेलं होतं, हे न विचारताच कळलं. वार सांगता आला नाही. आपण कुठं आहोत विचारलं तर म्हणाल्या, "औंधला, माहेरी." चौथा प्रश्न मी गाळणार होते. पान उलटायला हात नेलाच होता.

"इचारा," हवालदार म्हणाले.

मी विचारलं. आजींनी नाव सांगितलं. हवालदारांचं, त्यांच्या वडलांचं, आडनाव, तिन्ही, शाळेत हजेरी द्यावी तसं. पदर जागचा हलला नाही.

"कुठं असतात ते?" हा प्रश्न कागदावर नाही. तो मी का विचारला, याबद्दल मी स्वतःला अजून माफ केलेलं नाही.

"फौजेत. सुट्टीला येत्याल आता." मग हातभर अंतरावर बसलेल्या हवालदारांकडे वळून त्या अदबीनं म्हणाल्या, "तुमी वळखता का त्यांस्नी?"

"व्हय," ते म्हणाले. "वळखतो."

मग त्यांनी वाकून माझा कागद पाहिला. उत्तर बरोबर होतं, सवयीनं मी एक लिहून बसले होते. एवढ्या खेपांत नियमाप्रमाणे मिळालेला तो पहिलाच.

"त्यो काढा, म्याडम."

बेरजेत त्यानं काही फरक पडणार नव्हता. मी एक खोडला आणि शून्य लिहिलं. त्या दिवशी त्यांनी वही काढली नाही.