रजेवरचा सोनटक्का

निवृत्तीनंतर मेट्रनबाईंनी बाग करायला घेतली, तेव्हा पहिल्या दिवशी त्यांनी कुदळीला हातही लावला नाही. त्यांनी पट्टी आणि पेन्सिल शोधली. एका मोठ्या इस्पितळात एकतीस वर्षं परिचारिकांच्या पाळ्यांचे तक्ते आखलेल्या बाईंना काम सुरू करण्याची दुसरी रीत माहीत नव्हती. घराच्या पुढच्या बाजूला जेमतेम सहा वाफ्यांची जागा होती; तेवढ्यासाठी त्यांनी चार कागद चिकटवून जोडले. डावीकडे वाफ्यांचे क्रमांक, वर बारा महिने आणि प्रत्येक चौकटीत त्या महिन्यात फुलणाऱ्या झाडाचं नाव. झिनिया, फ्लॉक्स, पिटुनिया ही हंगामी मंडळी, तीन-चार महिने राबून जाणारी. शेवंती, कर्दळ, लिली ही कायम नोकरीतली. महिना कोणताही असो, पायरीवर उभं राहिलं की निदान दोन वाफे फुललेले दिसलेच पाहिजेत, असा त्यांचा दंडक होता. त्यांचे यजमान त्याच इस्पितळात क्ष-किरण तंत्रज्ञ होते. त्यांनी चष्मा पुसून तक्ता बारकाईनं पाहिला आणि शेवंतीची साप्ताहिक सुट्टी कोणत्या वारी असते, एवढंच विचारलं.

बाई हसल्या नाहीत. पण पिटुनियाचं बी पुडीतून तळहातावर घेतलं, तेव्हा त्यांचा तो हुकमी चेहरा प्रथमच विरघळला. मिरपुडीहूनही बारीक असं ते काहीतरी. श्वास जरा जोरात सोडला तर उडून जाईल. त्या चिमटीभर धुळीत शेकडो झाडं होती. प्रत्येकाचा रंग ठरलेला होता. प्रसूतिकक्षात त्या हजारो वेळा उभ्या राहिल्या होत्या. आश्चर्य वाटण्याची आपली शक्ती तिथंच कधीतरी झिजून गेली, अशी त्यांची समजूत होती. दहाव्या दिवशी कुंडीतल्या मातीवर हिरवी साय धरल्यासारखे अंकुर दिसले, तेव्हा त्या चहा विसरून तिथंच बसून राहिल्या. यजमानांनी हाक मारली तर त्यांनी नुसतं बोट ओठांवर ठेवलं.

त्याच वर्षी, उन्हाळ्याच्या तोंडावर, धाकटी बहीण गोणपाटात गुंडाळलेला सोनटक्क्याचा गड्डा घेऊन आली. ती टपाल कचेरीत नोकरीला होती आणि आईवडिलांच्या घरात राहायची. ते घर आता पाडलं जाणार होतं. परसातला सोनटक्का आईनं लावलेला. नवं घर मिळेपर्यंत वर्षभर तो ताईकडे राहू दे, मग त्यातला अर्धा मी नेईन, असं धाकटीनं सांगितलं. जाताना दारातून वळून ती म्हणाली, "ताई, हे तरी सांभाळ."

त्यातला "तरी" कुठून आला, ते दोघींनाही ठाऊक होतं. आई अखेरच्या दुखण्यात होती, तेव्हा इस्पितळात साथीच्या रोग्यांची रीघ लागली होती. आपलंच नाव तक्त्यावरून खोडणं मेट्रनबाईंना जमलं नाही. त्या पोहोचल्या त्या आई गेल्याच्या दुसऱ्या दिवशी. धाकटीनं त्यावरून कधी शब्द काढला नव्हता, आणि तीच बाईंच्या मनाला सर्वांत मोठी टोचणी होती.

गड्डा तिसऱ्या वाफ्यात लागला. त्याला पानं आली, हातभर उंचीची, पण फूल आलं नाही. थंडी पडली तशी पानं पिवळी होऊन लोळली. बाईंनी ती कापून वाफा स्वच्छ केला. आणि मग, पुढच्या उन्हाळ्याची पेरणी करायच्या सकाळी, त्यांच्या हातून ती चूक झाली, जी एखादी मेट्रनच करू शकते. त्यांच्या तक्त्यात कामावर हजर असणाऱ्यांचीच नावं असत. रजेवर कोण आहे याची वही इस्पितळात कारकुनाकडे असे. ती ठेवायची सवयच त्यांना नव्हती. फूल न आलेल्या सोनटक्क्याला तक्त्यात चौकटच मिळाली नव्हती. तिसऱ्या ओळीत त्यांना रिकामी जागा दिसली, आणि रिकामी खाट तासाभरात भरायची ही तर उभ्या जन्माची शिकवण. त्यांनी कुदळ घेतली, वाफा फूटभर खोल उलटापालटा केला, वाटेत कुठल्याशा झाडाची मुळं आडवी आली ती त्वेषानं तोडली, माती दाताळ्यानं सारखी केली आणि झिनिया पेरून टाकला.

मोरीत हात धुताना त्यांना आल्यासारखा वास आला. त्या दिवशी घरात आलं कुणी किसलं नव्हतं; सोनटक्क्याचा गड्डा मात्र आल्याच्याच जातीचा.

यजमान बाहेर आले, तेव्हा बाई वाफ्याच्या कडेला बसलेल्या होत्या. दाताळ्याला अडकलेला एक तुकडा त्यांच्या हातात होता. एका बाजूला पांढरी, ओली, सपाट जखम. बाईंनी सगळं सांगितल्यावर ते म्हणाले, "इथं यंत्र असतं तर मातीचा फोटो काढून दिला असता." थट्टेचा सूर नव्हता. माणसाला आत डोकावून पाहता येत नाही, तेव्हा काय होतं, हे त्यांना जितकं कळत होतं तितकं फार थोड्यांना कळलं असतं.

तुकडे वेचून घ्यावेत, की आहेत तिथं राहू द्यावेत? बाईंनी तो हातातला तुकडा परत मातीत ठेवला आणि वर माती सारली. जखम रोज उघडून पाहिली तर भरत नाही, हे शिकाऊ मुलींना त्यांनीच शिकवलं होतं. आता तो नियम स्वतः पाळायची पाळी आली. धाकटीचा फोन येई. तळमजल्याचं घर मिळालं, पुढं थोडी माती आहे, सोनटक्का कसा आहे, असं ती विचारी. झोपलाय, असं बाई सांगत. त्यात खोटं काही नव्हतं, पण फोन ठेवल्यावर त्यांना जेवण जात नसे.

झिनिया उगवला, चार पानांवर आला. एका सकाळी पाणी घालताना रोपांच्या मधोमध बाईंना एक टोक दिसलं: लालसर, टोकदार, गच्च सुरळी केलेलं. दुसऱ्या दिवशी चार. आठवड्याभरात कोंब वाफाभर झाले. कुठं कडेला, कुठं झिनियाच्या बुडाशी, एक तर वाफ्याबाहेर पायवाटेत, जिथं दाताळ्यानं तुकडा उडाला असावा. बाई ते पुन्हा पुन्हा मोजत. तेवीस. एक गड्डा लावला होता; आपण त्याचे तुकडे केले, आणि प्रत्येक तुकड्यानं, जणू आख्खा सोनटक्का आपल्याच ठायी आहे, अशा थाटात डोकं वर काढलं. आपण ज्याला रिकामं म्हटलं, तिथं हे सगळं चाललेलं होतं. त्यांना भीतीच वाटली. देवघरात चुकून चप्पल घालून गेल्यावर वाटते तशी.

धाकटी आली ती रविवारी सकाळी, पिशवी घेऊन. तिनं वाफ्याकडे पाहण्याआधीच बाई म्हणाल्या, "थांब. मी तो कापलाय. विसरून कुदळ घातली त्याच्यावर. वर आलाय ते त्याचं त्यानं; माझ्या सांभाळण्यानं नव्हे."

धाकटी वाफ्यापाशी वाकली. एकेक कोंब तिनं बोटानं चाचपून जवळून निरखला. मग ती म्हणाली, "आई दर तीन वर्षांनी कुदळ घालायची याच्यावर, तुकडे केले की तो फुलतो म्हणून. ती गेल्यापासून माझा हात धजावला नाही. गड्डा नुसता गच्च होत गेला. पाच वर्षांत त्याला एक फूल नाही आलं, ताई. तुला सांगितलं नाही मी."

"मग माझ्याकडे का आणलास?"

"मरत होता म्हणून. तू नर्स आहेस ना."

यजमानांनी चहाचे कप आणले होते. कप पायरीवर ठेवून ते आत गेले.

दोघींनी मिळून एक कोंब उकरला. कुदळीनं नाही, बोटांनी. खाली तुकडा होता; कापलेल्या जागी तपकिरी, कोरडी, घट्ट साल धरलेली, आणि तिच्या बाजूनं पांढऱ्या मुळांची दाट दाढी. बाईंनी तो तळहातावर घेऊन नखानं ती साल हळूच चाचपली. ना टाका, ना मलमपट्टी. इतकी स्वच्छ भरलेली जखम त्यांनी आजवर पाहिली नव्हती, असं त्या म्हणाल्या. धाकटीनं तो तुकडा त्यांच्या हातून घेतला आणि पिशवीत ठेवला. मग ती म्हणाली, त्या शेवटच्या दिवसांत आई शुद्धीत फारशी नव्हतीच. ते सांगायचंही राहून गेलं होतं.

बाईंनी पुढचा कोंब उकरायला घेतला, आणि धाकटीनं मुळं मोकळी करायला खालून हात घातला.