नागूच्या ड्रमाखालची चिंधी

कुर्डुवाडीहून फोन आला तेव्हा मी ड्रमाच्या तोटीला पांढरी चिंधी बांधत होते. पुतणीचा फोन. "काकू, बाबा गेले..." लेकीकडे चहा मागितला आणि कप हातात यायच्या आत गेला माझा धाकटा दीर, नागनाथ. मी आधी गाठ पुरी मारली, मग खाली बसले. अर्धी सोडली असती तर त्यानेच मला झापलं असतं.

गेलेल्या माणसाचं चांगलंच बोलावं म्हणतात. नागू हट्टी होता, घोरायचा, दुसऱ्याचं बोलणं मध्येच तोडायचा. मी लग्न होऊन आले तेव्हा तो चड्डीत फिरत होता, म्हणून मी त्याला शेवटपर्यंत अरे-तुरेच केलं. पण त्याने जे करून दाखवलं ते सांगितल्याशिवाय मला चैन पडत नाही.

त्याची नोकरी चंद्रपूरकडे, खाणीतला कोळसा धुण्याच्या कारखान्यात. धुतलेला कोळसा गाडीने जायचा आणि उरलेला काळा गाळ ढिगाने पडून राहायचा. रिटायर होऊन सोलापूरला आला तो त्या गाळाची पोती टेम्पोत घालूनच.

"लोक तिकडून तांदूळ आणतात, तू चिखल आणलास?"

"थांबा की वहिनी. ह्याचं काम हाय."

अक्कलकोट रोडला आमचा लहानसा रंगखाना आहे, टॉवेलचं सूत रंगवतो. त्या साली आम्ही नाल्यात सोडलेलं लाल पाणी मागच्या शेजाऱ्यांच्या, बशीरभाईंच्या विहिरीत उतरलं. भांडले नाहीत ते. बादली भरून आणली आणि आमच्या उंबऱ्यावर ठेवली. "भाभी, ये देखो. म्हशी बी तोंड लावेनात." मग तपासणीवाले आले. रंगाचं पाणी थांबवा, नाहीतर कुलूप. पाणी शुद्ध करायची मोठी मशिनरी आमच्या ऐपतीबाहेरची. माझ्या मुलाने, संजूने, कामगारांना दुसरीकडे काम बघायला सांगून टाकलं.

नागूने ड्रमात गाळ भरला आणि वरून लाल पाणी सोडलं. खालून आलं काळंकुट्ट.

"लाल होतं, आता काळं झालं. लई प्रगती!" मी म्हटलं. बशीरभाई तर हसता हसता खोकायला लागले.

नागू बधला नाही. गाळ पत्र्याच्या डब्यात भरून, झाकणाच्या फटी मातीने लिंपून त्याने तो बॉयलरच्या आगीत भाजला. मग निवळ पाणी येईपर्यंत धुतला, चाळला, ड्रमात वाळूवर थर दिला आणि पुन्हा लाल पाणी सोडलं. सुताचा रंग सुटतो का हे आम्ही पांढऱ्या चिंधीवर बघतो, तीच चिंधी मी तोटीखाली धरली. पाणी पडतंय, पडतंय... आणि चिंधी पांढरीच! मी त्याच्या पाठीत असा धपाटा घातला की तो ड्रमावर आपटला.

मग मी बोट जिभेला लावलं. खारट!

"अरे, रंग गेला, मीठ तसंच हाय की! विहीर खारी झाली तर बशीरभाई पिणार काय?"

त्याचं तोंड उतरलं. "मिठाला हा गाळ काय करणार न्हाय, वहिनी."

"मग ओत परत रंगाच्या हौदात! तितं तर आपण पोत्यानं मीठ घालतोच."

मी रागाने बोलले होते. नागू एकदम उभा राहिला. "वहिनी... परत बोला!"

त्याच पाण्यात आम्ही पुन्हा सूत रंगवलं. फिकट रंगाची लडी डागाळली, फेकावी लागली. गडद मरून रंग मात्र असा चढला की संजू ओली लडी घेऊन रस्त्यापर्यंत पळाला! पाणी आतल्या आत फिरायला लागलं, नाल्यात जायचं बंद झालं. कुलूप टळलं. पुढचा पावसाळा सरल्यावर बशीरभाईंनी पुन्हा विहिरीची बादली भरून आणून त्याच उंबऱ्यावर ठेवली. बादलीचा तळ दिसत होता.

नागूचा नियम एकच. "चिंधी गुलाबी झाली की गाळ थकला. मला हाक मारायची." थकलेला गाळ तो जळण म्हणून बॉयलरलाच घालायचा.

परवा चिंधी गुलाबी झाली. "अरे नागू!" हाक तोंडातून गेलीच. संजू काम सोडून माझ्याकडे बघत राहिला.

"बघतोस काय? पोतं सोड," मी म्हटलं. डबा भरला, फटी मीच लिंपल्या. दुसऱ्या दिवशी गाळ धुऊन, चाळून ड्रमात घातला आणि तोटीला नवी चिंधी बांधली.

पांढरी आहे अजून.