कमान मंजूर, तलाव नामंजूर

मंडळी, आमच्या गावच्या कमिटीच्या सभेतून आत्ताच घरी आलो. डोकं भणाणून राहिलं.

गावातल्या साऱ्या विहिरी खाऱ्या, म्हणून मी बजेटात तलावासाठी पैसे मागितले. अध्यक्ष वकीलसाहेब हसले. "भाऊ, यंदा गव्हर्नरसाहेब येऊन राहिले. स्वागताची कमान आधी. खाऱ्या पाण्याची लोकायले सवय आहे."

माझा सोडून सारे हात कमानीसाठी वर गेले.

मग शिपायानं पाणी फिरवलं. अकोटाहून बैलबंडीनं आणलेलं गोड पाणी, खास सभासदांसाठी, कमिटीच्याच खर्चानं.

भांडून भांडून घसा कोरडा पडला होता. मीबी गटागटा पिलो.

आता बायकोनं खाऱ्या पाण्याचा लोटा पुढं केला आहे. तो कोणत्या तोंडानं घेऊ, तुमीच सांगा.