हळू वाचणारी पंच

माझ्या वडिलांचं अमरावतीत फुलांचं दुकान आहे. पुढाऱ्यांचे हार बरेचसे आमच्याकडूनच जातात. पक्ष कोणताही असो, शेवंती तीच असते. त्यामुळे एका दुपारी पांढऱ्या शर्टातला एक माणूस दुकानात येऊन बसला, तेव्हा वडिलांनी त्याला पाणी दिलं आणि हार केवढा हवा ते विचारलं.

"हार तं घेऊच, काका," तो म्हणाला. "परतवाड्याले चाललो होतो. म्हटलं, तुमच्या पोरीलेही भेटून घ्यावं. अकोल्याच्या कोर्टात तारीख हाय ना मॅडमची?"

सुट्टीला घरी आलेली मी आत बसून फुलांचे देठ खुडत होते. समन्स आल्याचं मी घरी सांगितलं नव्हतं.

अकोल्यातल्या एका सरकारी कार्यालयात मी लिपिक आहे. नोकरीला नुकतीच लागले होते तेव्हा पोलिसांचं पत्र आलं: पंच म्हणून दोन कर्मचारी द्या. झडती किंवा जप्ती होताना पोलिसांबरोबर उभं राहायचं, जे दिसलं त्याच्या पंचनाम्यावर सही करायची आणि पुढे कोर्टाने बोलावलं की तेच सांगायचं. पत्र फिरलं तसं एकाचं ब्लडप्रेशर वाढलं, एकाकडे पाहुणे आले. मला नाही म्हणता येत नाही, हे तोवर सगळ्यांना कळलं होतं. माझ्यासोबत आमच्या कार्यालयातले शिपाई काका आले.

एका इंजिनिअरने रस्त्याचं बिल अडवलं होतं, म्हणून लोखंडी सळईने त्याचे गुडघे फोडले होते. पकडलेला माणूस एका पुढाऱ्याचा ड्रायव्हर होता. सळई कुठे लपवली ते दाखवतो म्हणाला, म्हणून आम्ही सगळे एकाच जीपमधून निघालो. तो माझ्या समोरच बसला होता. "मॅडम, तुमी अमरावतीच्या का?" त्याने हसून विचारलं. मी खिडकीबाहेर बघत राहिले. पुढाऱ्याच्या जनसंपर्क कार्यालयात मागच्या खोलीत झेंड्यांच्या काठ्या उभ्या करून ठेवल्या होत्या. त्यांच्यामागे हात घालून त्याने सळई बाहेर काढली. हे मी पाहिलं.

तेव्हा तो पुढारी विरोधी पक्षात होता. खटला उभा राहीपर्यंत तो सत्तेत आला. तपास करणाऱ्या साहेबांची बदली झाली, सरकारी वकील बदलले. इंजिनिअरचे गुडघे तेवढे बदलले नाहीत.

"मॅडमनं खोटं बोलावं असं आमी म्हणतच नाई," पांढऱ्या शर्टातला माणूस दुकानात सांगत होता. "मॅडम कॉन्व्हेंटच्या. पंचनामा मराठीत, त्यात पोलिसाचं अक्षर. सांगाचं, सही माही हाय, पण काय लिहिलं ते वाचता नाई आलं. यात खोटं काय हाय, सांगा बरं?"

मला त्याच्या आवाजापेक्षा या वाक्याची जास्त भीती वाटली, कारण ते खोटं वाटत नव्हतं. शाळेत मराठीच्या तासाला माझा वाचायचा नंबर आला की मी घामाने भिजायचे. बोट ठेवून वाचायचे आणि वर्ग हसायचा. हे याला कोणी सांगितलं असेल?

जाताना तो म्हणाला, "पुढच्या महिन्यात साहेबांचा सत्कार हाय. क्रेननं उचलाचा हार लागते. तुमालेच सांगू, काका."

वडील बराच वेळ दोरा गुंडाळत राहिले. मग म्हणाले, "काहून नाई सांगितलं मले?"

"भीती वाटली."

"मलेबी वाटून राहिली आता." कोर्टात खरं सांग म्हणाले नाहीत, सांगू नको म्हणाले नाहीत. त्यांनी काहीतरी एक म्हणावं म्हणून मी रात्रीच्या जेवणापर्यंत त्यांच्या मागे मागे फिरले.

तारखेच्या दिवशी सरकारी वकिलांनी कोर्टाच्या व्हरांड्यात फाईल चाळत मला सांगितलं, "जे आठवतं तेच सांगा. फार आठवू नका." पहिला पुकारा शिपाई काकांचा झाला. ते आत गेले आणि चहा संपायच्या आत बाहेर आले.

"झालं वं माय," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "सही माही, कागद कोरा होता. सबन लोक असंच सांगतेत. मले नातवंडं हाएत." आणि चप्पल ओढत जिना उतरून गेले.

आता मी एकटीच उरले.

मी साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभी राहिले. मागच्या बाकावर पांढरा शर्ट बसला होता. सरकारी वकिलांनी सळई दाखवून ओळखता का विचारलं. मी हो म्हणाले. कोणी काढून दिली विचारलं. मी ड्रायव्हरकडे बोट केलं.

मग आरोपीचे वकील उठले. ते अगदी प्रेमाने बोलत होते. "तुमचं शिक्षण इंग्रजी माध्यमात झालं ना? मग पोलिसांचं हे मराठी अक्षर तुम्हाला वाचता आलं नाही, बरोबर?"

नुसती मान हलवली असती तरी चाललं असतं.

"येतं," मी म्हणाले. "हळू येतं."

"असं? मग वाचून दाखवा."

पंचनामा माझ्या हातात आला. मी पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. एका शब्दाला अडकले, परत मागे गेले. मागे कोणीतरी हसलं. न्यायाधीश म्हणाले, "वाचू द्या त्यांना. घाई नाही." मी वाचत गेले. मधल्या एका ओळीत 'कार्यालयाच्या मागे' हे शब्द खोडून वर 'मागच्या खोलीत' लिहिलेलं होतं आणि बाजूला इंग्रजीत माझी छोटी सही होती. मी विसरूनच गेले होते. त्या दिवशी हवालदाराला मीच घाबरत म्हटलं होतं की साहेब, मागे नाही, मागच्या खोलीत. तो वैतागून म्हणाला होता, "लय बारीक वाचता बाप्पा तुमी."

तो सगळा मजकूर, खाडाखोड आणि सहीसकट, मी मोठ्याने वाचला. न्यायाधीशांनी टंकलेखकाला काहीतरी सांगितलं. आरोपीच्या वकिलांनी अजून दोन प्रश्न विचारले आणि ते बसले.

त्या संध्याकाळी अमरावतीला घरी जाताना बसमध्ये मी मूर्तिजापूरपर्यंत प्रत्येक स्टॉपला कोण चढतं ते बघत होते. अजूनही बघते. निकाल लागलेला नाही. सरकारी वकील पुन्हा बदलले आहेत.

हाराची ऑर्डर मात्र आली. तोच माणूस आला, तसाच बसला. "मॅडम बऱ्या हाएत ना? अकोल्याले एकट्याच राह्यतेत का?" एवढंच विचारून गेला. वडिलांनी हार करायला घेतला. ऑर्डर तरीही आली याचा अर्थ काय ते त्यांना कळत नव्हतं, मलाही नाही. मी शेजारी बसून फुलं हातात देत होते. निम्म्यावर आल्यावर ते थांबले आणि म्हणाले, "सोमवारी मी येतो तुह्यासंग अकोल्याले. खोलीची कडी पाहून घेतो."

मग पुन्हा ओवायला लागले.