हलगी तापवताना

आमच्या बँडातला क्लॅरनेटवाला डोळे मिटून वाजवतो. काही विचारलं तर अर्धी विडी जळेपर्यंत गप्प राहतो, मग बोलतो. केजात आमची पहिली कॅसेट खपली ती माझ्या हलगीवर, हे मी सांगतो, कारण खरं हाय. दुसरीच्या वेळी त्यानं विजेवरची पेटी आणली आणि म्हणाला, "मामा, आता संथ वाजवू. हलगी लई थोडी लागंल." मी समजलो, मला काढलं.

कॅसेट आली. स्टँडासमोरच्या हॉटेलात लावली, तर आधी पाचट जळाल्याची चरचर, मग टक, थांबून टक. माझ्या हातातला कप हातातच राहिला. वरातीआधी मी जाळावर हलगी तापवून बोटानं तपासतो, तोच आवाज. त्यानं गुपचूप भरून घेतला होता, अन् त्याच्यावरच त्याचं क्लॅरनेट हळूहळू चढत होतं. मी तसाच जाऊन त्याला गाठला.

"अबे, हे वाजवणं न्हाई. कशाला घेतलंस?"

अर्धी विडी जळाली.

"वाजवताना तुमचं ध्यान लोकांकडं असतंय, मामा. तापवताना हलगीला कान लावून बसता. मला तेच पायजे होतं."

एवढ्या वर्षांत मला कुणी असं पकडलं नव्हतं. आता हलगी तापवायला बसलो, की आधी तो कुठं हाय ते बघतो.