जात्यावरच्या गाण्याची कॅसेट

कपाट आवरताना जुनी कॅसेट सापडली. डबी उघडताच प्लास्टिकचा कोंदट वास आला आणि मला धुळ्यातली ती दुपार आठवली.

ऐंशीच्या दशकात मी आमच्या भारत-रशिया मैत्री मंडळाचा चिटणीस होतो. रशियाची लाडकी लोकगायिका आली होती. तरुणपणी जखमी सैनिकांसमोर गायलेली, पुढे मोठमोठी नाट्यगृहं गाजवलेली. तिला जात्यावरच्या ओव्या ऐकायच्या होत्या, म्हणून शिरपूरजवळच्या खेड्यातून ओव्या गाणाऱ्या सोनाक्कांना बोलावलं. दोघींनी एकच खुंटा धरला आणि पाहुणीने जातं उलटं ओढलं.

"इतली मोठी बाई, अन् दयता बी येस नही?" तिला साधं दळताही येत नाही म्हणून अक्का खळखळून हसल्या.

मग त्यांनी ओवी धरली. शब्द कळत नसताना पाहुणीने त्यांच्या सुरात सूर मिसळला. जात्याची घरघर, ज्वारीच्या कोमट पिठाचा वास. मी सगळं टेप केलं.

संध्याकाळी मंडळात एका पुढाऱ्याचं भाषण होतं. कोरी कॅसेट आणायला मी विसरलो होतो, म्हणून ते ओव्या पुसून त्याच कॅसेटवर घेतलं. मला तेव्हा भाषणच महत्त्वाचं वाटलं, याचा आज संताप येतो.

अक्का वारल्यावर त्यांची मुलगी आली. "भाऊ, मना मायना आवाज शे ना तुमनाकडे?"

"ओल लागून कॅसेट खराब झाली," मी म्हणालो. उलट तिनेच माझी समजूत घातली.

आज कॅसेट लावून पाहिली. ती मुळीच खराब झालेली नाही. भाषण शब्दन् शब्द ऐकू येतं. उद्या शिरपूरला तिच्या घरी जाऊन मी माझं खोटं कबूल करणार आहे आणि तिला तेच ऐकवणार आहे.